आई आली नव्हती, तो मंगळवार

माझ्या ओट्यावर मंगळवारी माणसं येतात. कुणाचं लेकरू दूध तोंडात धरत नाही, कुणाची म्हैस अवेळी आटली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरून ठरून मोडतंय. सासूबाई गेल्या आणि त्यांच्यामागून पहिल्याच पौर्णिमेला देवी माझ्या अंगात आली, तेव्हापासून हे चालू आहे. मी कुणाला बोलवायला जात नाही आणि नारळापलीकडं कुणाचं काही घेत नाही. लोक पाया पडतात ते माझ्या नव्हे, तिच्या, हे मला पक्कं ठाऊक असायचं. पण करोनाच्या दुसऱ्या लाटेत एका मंगळवारी जे घडलं त्यानंतर कितीतरी दिवस मला आरशात पाहवत नव्हतं. कुंकू लावायला उभी राहिले तरी नजर कपाळापुरतीच ठेवायची, खाली डोळ्यांपर्यंत येऊ द्यायची नाही. आज हे लिहायला बसले तर मालक म्हणाले, "काहून लिहून राहिली? झालं गेलं." झालं ते खरं, पण गेलं नाही, म्हणून लिहिते.

अंगात येणं ज्यांना खोटं वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मला फक्त माझं सांगता येतं. आधी पायाचे तळवे गार पडतात. मग पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर माझाच आवाज मला लांबून ऐकू येतो, विहिरीच्या पलीकडच्या काठावरून कुणी बोलावं तसा. समोर कोण बसलंय, थोर की लहान, याचं भान राहत नाही. जाग येते तेव्हा केस सुटलेले असतात, घसा कोरडा असतो आणि अक्का माझ्या तोंडाला गुळाच्या पाण्याचा तांब्या लावत असतात.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची दोन घरं आहेत पण अंगण एकच. मी या घरात आले तेव्हा मला भाकरी गोल थापता येत नव्हती, ती अक्कांनी शिकवली, आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. मंगळवारी त्या सगळ्यांच्या पुढं बसायच्या, माझं वारं ओसरलं की माझे केस बांधून द्यायच्या आणि कोण काय म्हणालं ते सांगायच्या. त्यांचे मालक, म्हणजे माझे भासरे, आमचे भाऊजी, घरातलं थोरलं माणूस. त्यांच्यासमोर इतक्या वर्षांत मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. अंगणात नुसता त्यांचा खोकला ऐकू आला तरी पिठाचा हात तसाच पदराकडं जातो. मालक यावरून माझी चेष्टा करतात, "दादाच्या खोकल्यालाबी मान, अन् मी समोर उभा राहिलो तर म्हणती, सरका तिकडं."

आमचं गाव कुरुंद्याच्या अंगाला, हळदीच्या पट्ट्यात आहे. त्या वर्षी हळद काढून झाली होती, कढया पेटल्या होत्या आणि गल्लीभर शिजलेल्या हळदीचा वास होता. एरवी या दिवसांत गाव बोलकं असतं, पण तेव्हा कुणी खोकलं की शेजारी दार लावून घ्यायचे. चांगली हिंडतीफिरती माणसं दवाखान्यात नेली आणि त्यांचं तोंडही कुणाला पाहायला मिळालं नाही. तशात लस आली. आशाताई घरोघर फिरू लागली. ती आमच्याच गावची सून, उन्हातान्हात डोक्यावर ओला रुमाल टाकून यायची आणि जोत्याच्या खालीच उभी राहून बोलायची. लोक म्हणायचे, ताप येतो म्हणतात. हात उचलत न्हाई म्हणतात. मग हळद कोण शिजवणार? कुणी मोबाईलवर भलतंच काही बघून यायचं आणि ते पारावर सांगत बसायचं.

मला मात्र यातल्या कशाचंच भय नव्हतं. मला भय सुईचं. माझं माहेर सेनगावकडं, साखऱ्याजवळ. मी लहान असताना तिथं सायकलवरून एक फिरता डॉक्टर यायचा. त्याची सुई माझ्या दंडात मोडली. बाप आणि चुलता, दोघांनी मला खाटेवर दाबून धरलं आणि त्यानं चिमट्यानं ती उपसून काढली. पुढं तिथं गळू झालं, त्याचा वण अजून आहे. तेव्हापासून मी सुई टोचून घेतलेली नाही. शेतात नाग निघाला तर काठी घेऊन मीच पुढं होते, पण दवाखान्याचा वास आला की माझे पाय मागं वळतात. मालक म्हणायचे, "हिला यम न्यायला आला तर हातात सुई घेऊन येऊ दे, ही आपणच पळत सुटंल." मीही हसायचे. भय चेष्टेत लपवणं मला तेव्हापासूनच जमलेलं होतं.

एक दिवस आशाताई जोत्याखाली उभी राहून म्हणाली, "काकू, तुमी पुढं झाल्या तर सगळी गल्ली मागून येईल. तुमचा शब्द मोठा हाय." माझा हात दंडावरच्या वणाकडं गेला. तोंडानं मी म्हणाले, "मंगळवार येऊ दे. आईला विचारू." तिला ते बरं वाटलं. बिचारीला वाटलं, देवी काही नाही म्हणणार नाही.

मंगळवार आला. लोक लांब लांब बसले होते, तोंडाला कुणी रुमाल, कुणी पदर गुंडाळलेला. पुढं अक्का. धूप झाला, आरती झाली, मी डोळे मिटले आणि वाट पाहत बसले. तळवे काही गार पडेनात. पाठीमागं कुणी आलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लोक कुजबुजू लागले. मी हलू लागले, जरा जोरानं, म्हटलं सुरुवात केली तर येईल. मीच माझे केस सोडले. आणि अक्कांनी हात जोडून विचारलं, "आई, गावात सुई आली हाय. घ्यावी का न्हाई, तूच सांग. आमी लेकरं काय समजणार?"

मी खरं सांगू शकले असते. आज आई आली नाही, एवढे चार शब्द. ते सोडून मी आवाज जड केला आणि म्हणाले, "थांब, लेकरा. घाई नको. हळद घरात येऊ दे, मग बघू." देवी कधी "मग बघू" म्हणते का? हे तर माणसाचं बोलणं, तेही टाळाटाळ करणाऱ्या माणसाचं. तेवढ्यात दारात भाऊजींचा खोकला ऐकू आला, ते पाया पडायला आत येत होते. मी पदर सारखा केला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. लोकांनी माथा टेकला. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "ऐकलं का? हळद झाल्याबिगर न्हाई." अक्कांनी नेहमीसारखे माझे केस बांधले, पण त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. थकल्या असतील असं मला वाटलं.

पुढच्या दिवसांत आशाताई ज्या दारात जाईल तिथून एकच उत्तर यायचं, देवीनं थांबायला सांगितलंय. ती माझ्याकडं आली तेव्हा मी घरात असून लेकीला सांगायला लावलं, आई शेतात गेलीय. चुलीजवळ बसून मी तिचं बोलणं ऐकत होते. ती चिडली नाही. नुसतं म्हणाली, "बरं. काकूला सांग, मी पुन्हा येते." तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि मी चुलीत उगाच काटक्या सारत राहिले.

मग अक्कांना ताप आला. त्यांना साखर आहे, कितीतरी वर्षांची. आधी म्हणाल्या, कढईच्या धगीनं झालं असंल. मग जिभेची चव गेली. मग बाजेवरून उठून माठापर्यंत जाताना दम लागायला लागला. भाऊजींनी जीप बोलावली. वसमतला नेलं, तिथून हिंगोलीला पाठवलं, ऑक्सिजन लावला. जीपमध्ये बसवताना मी लांब उभी होते, जवळ जायची सोय नव्हती. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, श्वास गोळा केला आणि म्हणाल्या, "ओट्याचा दिवा चुकवू नको." जीप गेली. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तरी मला इतकं लागलं नसतं.

मी देवघरात बसले. आई, काहीतरी बोल, म्हटलं. शिक्षा कर पण बोल. काही नाही. देवांचे टाक जसे होते तसेच, समईची वात जशी होती तशीच. मग मी नवस बोलायला लागले. नारळाचं तोरण, खण, साडी, पायी माहूरला जाईन, वर्षभर एक वेळ जेवीन. बोलता बोलता माझीच मला लाज वाटली. यातलं एकही मला जड नव्हतं. पायी चालणं, उपास, हे तर माझ्या हातचं. जे मला द्यायचं नव्हतं तेच मी पदराआड धरून बसले होते आणि बाकीचं सगळं तिच्यापुढं मांडत होते, वाणसामान मांडावं तसं. मी समईवर हात ठेवून म्हणाले, सुई घेते. तू अक्कांना सांभाळ किंवा न सांभाळ, मी घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता कुरुंद्याला गेले. आमच्या गावात आशाताईकडून घेता आली असती. पण देवी अंगात येणारी बाई सुईला भिते हे गावानं बघू नये, एवढी अक्कल माझी तेव्हाही शाबूत होती. अक्का तिकडं श्वासाला महाग झालेल्या आणि मला माझ्या अब्रूची पडलेली. हे लिहिताना कान गरम होतात, पण लिहायचं तर सगळंच लिहिते.

शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. माझी पाळी आली की मी मागच्याला म्हणायचे, "तुमी जा, मला घाई न्हाई." असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. दोनदा तर फाटकापर्यंत जाऊन आले. लस घेऊन झालेल्यांना थोडा वेळ बसवून ठेवत होते, त्यांच्यात एक पोक्त मुसलमान बाई होती, ओढणी नाकावरून घट्ट बांधलेली. ती मला केव्हापासून न्याहाळत असावी. शेवटी लांबूनच म्हणाली, "ओ माय, कवापासून लोकांना पुढं सोडून राहिली तू. दान करायला आली व्हय?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. मी म्हणाले, "मला भ्या वाटतं." अनोळखी माणसाला हे सांगणं किती सोपं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते शब्द चेष्टेशिवाय उच्चारले.

ती उठली. नर्सबाईला म्हणाली, "मी धरते हिला, जरा येऊ द्या." तिनं माझ्या शेजारी उभं राहून माझा हात हातात घेतला. माझी मूठ आवळलेली होती, नखं तळव्यात रुतली होती. ती म्हणाली, "मी मन्यारीण. बाजारात बांगड्या भरते. नव्या नवरीचा हात अस्साच असतो बघ. जितकी आवळती तितकी बांगडी फुटती, अन् लागतं कुणाला? तिलाच." बोलता बोलता तिनं माझा अंगठा तळव्याकडं दुमडला, बोटांची पेरं एकेक करून दाबली, बांगडी चढवण्याआधी दाबतात तशी. "नक्को घबराऊ. हात ढिला सोड. तुझा समजूच नको. माझ्यापाशी ठेवलाय समज."

मी तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे माझ्या हाताकडं होते, कामात असलेल्या बाईचे असतात तसे. मला एकदम वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. माझा हात खरंच सुटला, भाजी चिरताना पेंढीची गाठ सुटावी तसा. आणि पायाचे तळवे गार पडले. मी चपला दाराशी काढल्या होत्या आणि फरशी गार होती, हेही खरं. पण पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं, तेही खरं. मी मागं वळून पाहिलं नाही. नर्सबाई म्हणाली, "झालं, बसा तिकडं." मी विचारलं, "काय झालं?" ती बाई हसायला लागली.

भिंतीशी बसून मी पोटभर रडले. दुखलं म्हणून नाही. आई मला सोडून गेली असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्या मंगळवारी ती आली नाही कारण मी तिला यायला जागाच ठेवली नव्हती, मूठ आवळून बसले होते. तिनं "घे" म्हटलं तर काय करायचं, या भयानं मी दार आतून लावून घेतलं आणि वरून तिच्याच नावानं बोलले. पदरानं डोळे पुसून पाहिलं तर ती मन्यारीण निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढचा मंगळवार आला. अक्का अजून हिंगोलीतच होत्या, बरं-वाईट काहीच कळत नव्हतं. मी धूप केला नाही, डोळे मिटले नाहीत. माणसं बसली तशी उभी राहिले आणि म्हणाले, "आधी ऐका. त्या दिवशी आई आली न्हवती. म्याच बोलले. मला सुईचं भ्या वाटत होतं म्हणून थांबा म्हणाले. माझ्यापायी अक्का आज मरणाच्या दारात हाय. तुमी माझ्यावर थुंका, पण उद्या जाऊन सुई घ्या."

मला वाटलं, आता उठतील, शिव्या देतील, कुणी तरी तांब्या फेकून मारील. मी त्याची वाटच पाहत होते, खरं तर आशेनं. बोलता बोलता मला इतकं भरून आलं होतं की अंग थरथरत होतं, अंबाडा सुटून पाठीवर आला होता. आणि कोपऱ्यातून म्हातारी गंगाबाई ओरडली, "आई आली! आई आली गं! लेकराची चूक आपल्या माथ्यावर घेऊन राहिली!"

"अवं न्हाई! मी बोलून राहिले, मी!" मी ओरडले.

"व्हय माय, तूच. बोल, आमी ऐकून राहिलो," म्हणून सगळ्यांनी माथा जमिनीला टेकवला.

मी जितकं खरं सांगायचे तितकं ते हात जोडायचे. शेवटी मी बाही वर करून दंड दाखवला, म्हटलं ही बघा, कुरुंद्याला चोरून जाऊन घेतली. तर गंगाबाई काठी टेकत आली आणि तिनं माझ्या दंडावर, सुई टोचली तिथंच, कुंकू लावलं. तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माणसानं अपराध कबूल करावा आणि लोकांनी त्याची आरती करावी, याहून मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेपुढं लशीला ही भली मोठी रांग लागली. संध्याकाळी आशाताई जोत्याखाली उभी राहून म्हणाली, "काकू, तुमच्यामुळं झालं." यावेळी मी घरातच होते आणि दारात उभी होते. मी तिला म्हणाले, "माझ्यामुळं उशीर झाला, तेवढंच ध्यानात ठेव." ती हळूच म्हणाली, "पाणी द्या जरा." मी तिला पाणी दिलं आणि जोत्यावर बसवलं.

माझं बोलणं खरं धरलं ते फक्त मालकांनी. जेवताना म्हणाले, "खोटं बोलली तवा लोकांनी देवी मानली, खरं बोलली तवाबी देवीच मानली. तुला काही सुटका न्हाई बघ." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनी माझ्या ताटात आपल्या हातानं भाकरी वाढली, जी त्यांनी कधी वाढली नव्हती.

अक्का परत आल्या. जीपमधून उतरल्या तेव्हा अंगावरचं लुगडं त्यांना मोठं होत होतं. अंगणात बाज टाकली, भोवती हळद वाळत घातलेली. त्यांना थोडं चालता-बोलता येऊ लागलं तशी एका दुपारी मी त्यांचे पाय धरले. म्हणाले, "अक्का, त्या मंगळवारी..."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

मला वाटलं गंगाबाईनं सांगितलं असेल. पण त्या म्हणाल्या, "मला त्याच दिशी कळलं. दारात हे खोकले अन् तू पदर घेतला. इतकी वर्षं तुझ्यापुढं बसते मी. आई येती तवा तुझा पदर कुठं अन् केस कुठं. देवी काय भासऱ्याला लाजती व्हय?"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून तशीच राहिले. ऊन पाठीवर येत होतं. मग कसंबसं विचारलं, "मग तुमी काहून न्हाई गेल्या सुई घ्यायला? तुमाला साखर. तुमाला तर कळलं होतं."

अक्का दम गोळा करत होत्या. "तू घरची. तुझा शब्द म्याच मोडून गेले असते तर लोक काय म्हणले असते? सासूबाईंनी लावलेला दिवा हाय तो ओट्यावर." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अन् खरं सांगू का, मलाबी भ्याच वाटत होतं. तुझ्या भ्याच्या आड मी लपले. उगा सगळं आपल्या अंगावर ओढून घेऊ नको, लई मोठी झाली का तू?"

त्यांचा हात हलका झाला होता, पाखराएवढा. त्या हाताखाली मला जेवढी लाज वाटली तेवढी गावासमोर वाटली नव्हती. आणि त्याच हाताखाली ती लाज सोसवतही होती. आई बोलत नाही म्हणून मी समईशी भांडत होते, पण त्याच्या कितीतरी आधीपासून, माझं सगळं पाहिलेलं माणूस तिनं माझ्याच अंगणात ठेवलेलं होतं आणि ते माणूस मला परतही दिलं. मी काही दिलं म्हणून नव्हे. मी एवढी चूक करूनही.

डॉक्टरांनी सांगितलेला अवकाश उलटल्यावर अक्कांची लस झाली. मी शेजारी उभी होते. त्यांनी मूठ आवळली तशी मी ती हातात घेतली, अंगठा दुमडला, पेरं दाबली. "ढिला सोडा, अक्का. माझ्यापाशी ठेवलाय समजा." त्या म्हणाल्या, "हे कुठं शिकली?" मी सांगितलं. पुढं हट्टा गावच्या बाजारात आम्ही दोघी बांगड्या भरायला गेलो तर तीच मन्यारीण बसलेली. मी म्हणाले, ओळखलं का, कुरुंद्याच्या शाळेत तुमी माझा हात धरला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, आठवायचा प्रयत्न केला आणि हसली, "मी तर दिसभर हातच धरते गं माय. किती ध्यानात ठिवू?" तिनं माझा हात घेतला, बांगड्या सरसर चढल्या, एकही फुटली नाही. म्हणाली, "लई नरम हात हाय तुझा." अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ओटा बंद करावा असं मनात फार होतं. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "दिवा तुझा हाय का बंद करायला?" मी परत बसू लागले. कधी आई येते, कधी येत नाही. ती यावी म्हणून आता मी काही करत नाही. हात मांडीवर उघडे ठेवते आणि बसते. शरण जाणं म्हणजे काही मोठं करणं असं मला वाटायचं, ते आपलं म्हणून घट्ट धरलेलं सोडणं आहे एवढंच मला कळलं, आणि तेही दर मंगळवारी नव्यानं कळावं लागतं.

अक्का अजून सगळ्यांच्या पुढं बसतात. मी डोळे उघडले की आधी त्यांच्याकडं पाहते. बहुतेक वेळा त्या गुळाच्या पाण्याचा तांब्या पुढं करतात. पण एखाद्या मंगळवारी त्या तांब्याला हात लावत नाहीत, नुसता आपला डोक्यावरचा पदर किंचित पुढं ओढतात. मग मी समोरच्या माणसांना हात जोडते आणि सांगते, "आज आई आली न्हाई. म्याच बोलले. तुमी पुढच्या मंगळवारी या."